यादी, वहीच्या मागच्या पानावर

जुना संगणक गेला तेव्हा त्याचं पोट उघडून पाहिलं.
मदरबोर्डवर हिरवट थर,
देवाच्या तांब्याला चढतो तसा.
आचऱ्याची हवा. खिडक्या लावल्या तरी
कुलपाच्या भोकातून आत येते.

दुकानात सातबाऱ्याचे उतारे, शाळेचे दाखले,
नौकांच्या परवान्यांचे अर्ज.
पावसाळी बंदी उठायला सव्वीस दिवस,
मग सगळे एकाच सकाळी येणार.
तेवढ्यात नवं यंत्र उभं करायचं,
आणि ह्या वेळी आयतं नाही.

वही उलटी करून मागून लिहायला घेतली.
पहिलं नाव प्रिंटरचं.
तो घ्यायचा नव्हता, तो आहेच.
पण घरात एक हट्टी माणूस असला
की आमटी त्याला विचारून होते.
लिनक्सशी त्याचं जमतं का, दोन रात्री वाचत बसले.
जमतं. पान उलटं करून हातानं द्यावं लागतं,
पण जमतं.

मग प्रोसेसर, पडद्यावर चित्र काढणं पोटातच असलेला.
वेगळं ग्राफिक्स कार्ड लिहिलं होतं, ते खोडलं.
त्याचा ड्रायव्हर म्हणजे लग्नातला रुसलेला मामा,
दर अपडेटला जाऊन समजूत काढा.
त्या पैशात पॉवर सप्लाय बरा येतो.
इथली वीज कधी पायरीवर, कधी कौलावर;
तिथे हात आखडला
तर बाकीची यादी एका संध्याकाळी राख.

वायफायच्या चिपचं नाव तीनदा तपासलं.
खोक्यावर लिहीत नाहीत.
मासळीसारखंच, कल्ला उचलून बघावा लागतो.

बाबी तांडेल पडवीत बसून ऐकत होता,
जाळ्याची सुई कानामागे.
"सगळो एकाच कंपनीचो घी मगो.
बिघाडलो तर भांडाक एकच माणूस."
"बाबीकाका, तुमच्या होडयेचा लाकूड खयचा?"
"पोईपचो फणस."
"इंजिन?"
"गुजरातेतला. दुसऱ्या हातचा."
"आणि पंखो?"
"मालवणात ओतलेलो."
"मगे तुमी भांडतास कोणाकडे?"
त्याने सुई काढून दुसऱ्या कानामागे खोचली.

कणकवलीला तवट्यांच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
विंडोज टाकून देऊ, मॅडम?
नको.
फुकट आहे, सगळ्यांना देतो.
म्हणूनच नको.
आणि ते काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट पण नको,
माझ्याकडे दशावतार नाही बसायचा.
जाळीचं दे, जाळी निघणारी, नळाखाली धुता येईल अशी.
रॅम एकच. दुसरी चतुर्थीनंतर.
त्याने बिलावर "चतुर्थीनंतर" असंच लिहिलं.

एसटीत मांडीवर खोकं, पायांशी खोकं.
शेजारच्या बाईंनी विचारलं, मिक्सर?
मी हो म्हटलं.

रात्री चादर अंथरून जोडायला बसले.
बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा.
पुन्हा. काळाच.
यादीतली एकेक ओळ चोर वाटायला लागली,
पॉवर सप्लाय, बोर्ड, तो तवट्यांचा पोरगा,
मग मीच.
रॅम काढली, फुंकर नाही मारली,
ओठांनाही मीठ असतं इथे.
परत बसवली, अंगठ्यानं दाबली
आणि खट्ट झालं.
आधी ते झालंच नव्हतं.

पांढरी अक्षरं भराभर वर सरकली.
शेवटी त्याने यंत्राचं नाव विचारलं.
काही सुचेना. "आचरा-२" लिहिलं.
बाबी मागून म्हणाला, "आणि पयला?"
मी कोपऱ्यातल्या हिरव्या बोर्डाकडे बोट केलं.
त्याने तो उचलला, उजेडात धरला, नखानं खरवडला.
"ग्रीस लावक होया होता," म्हणाला,
आणि खूप वेळ हातातच घेऊन बसला.

तीन स्क्रू उरले. काडेपेटीत ठेवले.
दुसऱ्या रॅमची खाच रिकामी आहे.
तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावली,
वर पेनने तारीख घातली.